पंचहौदापासून केडगावपर्यंत

पंचहौद मिशन म्हटलं की पुणेकराला चर्च आठवत नाही, चहा आठवतो. १८९० साली गुरुवार पेठेतल्या या मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी व्याख्यानाला जमली, पुढ्यात चहा-बिस्किटं आली, कोणी घेतली, कोणी नुसता पेल्याला हात लावला, आणि पुढे उपस्थितांची नावंच वर्तमानपत्रात छापून आली. हा घाट घातला होता गोपाळराव जोश्यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी. यादीत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. ख्रिस्त्यांच्या हातचं घेतलं म्हणून ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि अखेर रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. सुधारक मित्र त्यांच्यावर नाराज झाले. रानडे तेव्हा नमले ते नम्रतेपोटी की भिडेपोटी, हा वाद अजून मिटलेला नाही. पुण्यात वाद मिटत नसतातच.

पण या चहाच्या गोष्टीपायी त्याच आवारातली दुसरी काही माणसं आपण विसरून गेलो. ख्रिस्ती माणसानं नम्र असावं, लीन असावं, हे शिकवण्यासाठीच ती इथे राहत होती. आपल्याच शिकवणीचा त्यांना केवढा घोर लागला होता, ते चहापेक्षा जास्त बघण्यासारखं आहे.

त्यातले एक नीळकंठशास्त्री गोरे, ऊर्फ फादर नेहेम्या गोरे. जन्म १८२५चा, घराणं चित्पावन, वाढले काशीत. मिशनऱ्यांनी संस्कृतात हिंदू धर्मावर टीका सुरू केली तेव्हा विशीही न गाठलेल्या या शास्त्र्यानं ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून ख्रिस्ती मताचं खंडन केलं. मिशनऱ्याला वादात गप्प करायचं म्हणून त्याच्याकडे जाऊ लागले, आणि १८४८ साली जौनपूरला स्वतःच बाप्तिस्मा घेऊन बसले. पुढे ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून सहाही दर्शनांची उलटतपासणी केली. बुद्धीची धार अशी की ज्या बाजूला फिरवावी ती बाजू कापली जावी. असा माणूस गर्विष्ठ व्हायला काहीच हरकत नव्हती.

गोरे गर्विष्ठ झाले नाहीत. उलट त्यांची धार आत वळली. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ वीस वर्षं त्यांनी पाळकाची दीक्षा घेतली नाही. काउली फादर्स या अँग्लिकन साधूंच्या संघात उमेदवार म्हणून शिरले, त्यासाठी १८७६ साली इंग्लंडला गेले, पण अखेरची व्रतं घेतली नाहीत. जगाला ख्रिस्ती धर्माची प्रमाणं पटवून देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या शंका म्हातारपणापर्यंत संपल्या नव्हत्या, आणि त्यांनी त्या झाकूनही ठेवल्या नाहीत. पुण्यातल्या त्यांच्या वास्तव्यात पंचहौदचा हा कृश, विरक्त फादर म्हणजे ब्राह्मणी वस्तीला कोडंच होतं. संन्यासी म्हणावं तर धर्म सोडलेला, आणि भ्रष्ट म्हणावं तर आचरण संन्याशाचं.

एक गोष्ट मात्र गोऱ्यांच्या चरित्रात टोचत राहते. पत्नी लवकर गेली तेव्हा मुलगी तान्ही होती. तिला त्यांनी दुसऱ्यांच्या हवाली केलं. ही एलन लक्ष्मी गोरे इंग्लंडात वाढली, तिनं इंग्रजीत भक्तिगीतं लिहिली आणि १८८० साली मिशनच्या कामासाठी ती हिंदुस्थानात परतली. स्वतःला शून्य करत जाणाऱ्या माणसाच्या हिशेबात घरच्यांचंही शून्य होऊन जातं, ही त्या काळच्या विरक्तीची ठरलेली किंमत. संतचरित्रांत ती फारशी मांडलेली नसते.

गोऱ्यांच्या पत्रांनी आणि पुस्तकांनी ज्यांचं मन वळवलं त्यांत पंडिता रमाबाई होत्या. आणि इंग्लंडातल्या वाँटेजच्या मठातून येऊन पंचहौदला राहणाऱ्या सिस्टर्सशी रमाबाईंची ओळख पुण्यातच झाली. त्या ओळखीतून १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेजमध्ये आपल्या लहानग्या मुलीसह, मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. वय पंचवीस. तोवर या बाईनं काय काय पाहिलं होतं? दुष्काळात आईवडील गेले, भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा गेला. कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं होतं. पुण्यात येऊन तिनं आर्य महिला समाज काढला होता आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्री डॉक्टरांची मागणी केली होती. अशी बाई मठात शिरली, आणि मठानं तिला पहिला धडा द्यायला घेतला तो लीनतेचा.

रमाबाईंच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन. रमाबाई आणि मनोरमा त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. या आजीबाईंचा आणि रमाबाईंचा पत्रव्यवहार म्हणजे मराठी ख्रिस्ती इतिहासातलं एक जबरदस्त नाटक आहे. जेराल्डिनबाईंचं म्हणणं सरळ होतं. देवासमोर लीन व्हायचं म्हणजे चर्चसमोर लीन व्हायचं. बिशप सांगतील ते मानायचं, त्रैक्यासारख्या सिद्धांतांवर शंका घेत बसायचं नाही. रमाबाईंनी शंका घेतल्या. त्या मांसाहार करत नसत, अंडंही चालत नसे. आजीबाईंना त्यात जातीचा ताठा दिसला. रमाबाईंचं उत्तर असं की मी ख्रिस्ती झाले आहे, पूर्वजांच्या चालीरीती शक्य तेवढ्या पाळायला मला आवडतात, आणि त्यानं ख्रिस्ताचं काही बिघडत नाही.

मग आला क्रूस. सिस्टर्सच्या क्रूसावरचा मजकूर लॅटिन होता. रमाबाईंना तो संस्कृतात हवा होता. लॅटिन मला येत नाही, माझ्या देशभगिनींना येत नाही, मग आमच्या जुन्या संस्कृतापेक्षा त्या भाषेत अधिक पवित्र असं काय आहे, असा त्यांचा रोख होता. वरवर ही तक्रार किरकोळ. पण मठात नव्यानं आलेल्या, दुसऱ्याच्या आश्रयानं राहणाऱ्या, पदरी मूल असलेल्या विधवेनं ती केली आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे तिचं वजन कळतं.

याहून मोठी ठिणगी १८८५ मध्ये उडाली. रमाबाई तेव्हा चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकत होत्या आणि संस्कृत शिकवत होत्या. तिथे पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं असा विचार निघाला. कळवलं गेलं लाहोरच्या आणि मुंबईच्या बिशपांना, आणि दोघांनीही नाक मुरडलं. हिंदुस्थानात परतल्यावर तिथल्या बायकांत तिची किंमत राहणार नाही, तिच्या डोक्यात हवा जाईल, असा एकंदर सूर. रमाबाईंचा जबाब वाचताना आजही मजा येते. माझ्या आईनं तरुण मुलांना शिकवलं त्याला माझ्या वडिलांची हरकत नव्हती, मी शिकवलं त्याला माझ्या नवऱ्याची हरकत नव्हती, आणि इंग्रज लोक मात्र हरकत घेत आहेत, याचं त्यांना नवल वाटलं. पुरोहितांचं एक जू मानेवरून मोठ्या कष्टानं उतरवलं आहे, लगेच दुसरं चढवून घेण्याची माझी तयारी नाही, असंही त्यांनी स्वच्छ कळवलं.

आजीबाईंच्या लेखी हा गर्वच होता. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर रमाबाईंच्या स्वभावात ताठा होता. तो नव्हता असं दाखवायचं काही कारण नाही. पण नम्रता ही ज्यानं त्यानं स्वतःकडून वसूल करायची गोष्ट. एकानं दुसऱ्याला ती शिकवायला घेतली, आणि शिकवणाऱ्याच्या हाती राहण्याची जागा, पैसा आणि पोर सांभाळण्याची सोय असली, की ती शिस्त होते. जेराल्डिनबाई दुष्ट मुळीच नव्हत्या. मनोरमेवर त्यांनी जिवापाड माया केली. त्यांना फक्त आपला धर्म आणि आपलं साम्राज्य यांतली सीमारेषा दिसत नव्हती, जी हिंदुस्थानातून आलेल्या या मुलीला लख्ख दिसत होती.

तरी जेराल्डिनबाईंचं एक ऋण मानायलाच हवं. ही सगळी पत्रं त्यांनी जपून ठेवली आणि संग्रह करून ठेवला. ज्या पत्रांत त्यांना खोडून काढलं आहे तीही त्यात आहेत. १९७७ साली ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं छापली, म्हणून आज आपण रमाबाईंच्या बाजूनं बोलू शकतो. आपल्याविरुद्धचा पुरावा फाडून न टाकणं हेही नम्रतेच्या खात्यात जमा करायला हरकत नसावी.

रमाबाईंना ख्रिस्ताकडे ओढलं ते मात्र या मठाच्या शिस्तीनं नव्हे. लंडनजवळ फुलहॅमला सिस्टर्सचं एक घर होतं. समाजानं टाकून दिलेल्या बायका तिथे राहत, आणि सिस्टर्स त्यांना जवळ घेत. असं का करता, असं रमाबाईंनी विचारल्यावर त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. परक्या, हलक्या मानलेल्या आणि बदनाम बाईकडे येशू पाणी मागतो आणि तिच्याशी धर्मचर्चा करतो. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी या प्रसंगाचं महत्त्व आवर्जून सांगितलं आहे. धर्मशास्त्रांत स्त्रीबद्दल काय काय लिहिलं आहे ते मुखोद्गत असलेल्या बाईला ही गोष्ट केवढी वेगळी वाटली असेल. हात पसरून मागणारा इथे गुरू आहे.

हिंदुस्थानात परतल्यावर मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं आणि १८९० मध्ये ते पुण्याला आलं. पुढची कहाणी मराठी वाचकाला ठाऊक आहे. रमाबाई सकाळी प्रार्थना करीत तेव्हा दार उघडं असे, मुली येऊन बसत. मुलींना बाटवलं जातं म्हणून शहरात गदारोळ झाला, १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेतलं असतं तर बरंचसं वादळ टळलं असतं. रमाबाईंनी ते लावलं नाही. ‘केसरी’नं याला कपट म्हटलं, मिशनऱ्यांनी धैर्य. निष्पक्ष वाचकाला दोन्हींपेक्षा तो ‘मी लपवणार नाही’ असा जुना हट्टच जास्त वाटेल. १८९७च्या प्लेगात पुण्यातल्या सरकारी रुग्णालयाच्या कारभाराविरुद्ध ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिणारी बाईही हीच. ख्रिस्ती सरकारचा ख्रिस्ती बाईनं असा पाणउतारा करावा हे अनेकांना रुचलं नाही.

मग तिची नम्रता शोधायची कुठे? त्यासाठी दौंडच्या गाडीनं केडगावला जायला हवं.

१८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या आणि शेकडो उपाशी मुली घेऊन आल्या. प्लेगमुळे पुण्यात जागा मिळेना, म्हणून केडगावच्या माळावर झोपड्या उठल्या, आणि तिथेच मुक्ती सदन उभं राहिलं. शारदा सदनात बहुतेक उच्चवर्णीय विधवा होत्या. इथे कुठल्याही जातीची, कुठल्याही अवस्थेतली बाई आली. रस्त्यावरून आणलेल्या, बदनाम म्हणून हाकललेल्या बायकांसाठी कृपा सदन, थकलेल्या म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन, अंध मुलींना ब्रेल. फुलहॅमला जे पाहिलं त्याचं हे मराठी रूप. विहिरी खणल्या, शेती केली, दूधदुभतं ठेवलं, माग चालवले. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली होती. एवढ्या जणींचं रोजचं पीठ, पाणी, लाकूडफाटा आणि संडास यांची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाला नम्र होण्यासाठी वेगळी साधना करावी लागत नाही.

आणि छापखाना. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या, यंत्र चालवणाऱ्या, फर्मे घडी करणाऱ्या सगळ्या बायका होत्या. याच छापखान्यासाठी रमाबाईंनी आयुष्याची शेवटची पंधराएक वर्षं एका कामाला दिली. अखंड बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर. त्यासाठी पन्नाशीकडे झुकताना त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. वास्तविक बायबल सोसायटीचं मराठी भाषांतर होतंच, चर्चमध्ये रुळलेलंही होतं. रमाबाईंना ते फार संस्कृतप्रचुर वाटे. तिथे दोन कारणं एकमेकांत गुंतली होती. संस्कृत शब्दांबरोबर जुन्या दर्शनांचे अर्थ चिकटून येतात, हे पंडिताचं कारण. आणि केडगावच्या स्वयंपाकघरातल्या, आत्ताच अक्षरं शिकलेल्या बाईला कोणाला न विचारता वाक्य कळलं पाहिजे, हे दुसरं.

इथे थोडं थांबून या कामाकडे नीट पाहायला हवं. लहानपणापासून हजारो श्लोक तोंडपाठ असलेली, ‘सरस्वती’ ही पदवी संस्कृतावर मिळवलेली ही बाई. वाँटेजमध्ये लॅटिनपुढे संस्कृतासाठी भांडलेली. तिच्याजवळ दिमाखानं मिरवण्यासारखी एकच मिळकत होती, ती म्हणजे ही भाषा. आणि सगळ्यात मोठ्या ग्रंथाला हात घातला तेव्हा तिनं नेमकी तीच बाजूला ठेवली. समोर जड, भारदस्त शब्द हात जोडून उभा असताना त्याला परत पाठवून हलका शब्द शोधायचा, हे एका ओळीत जमतं. पानांवर पानं अशा शब्दांच्या रानात पंधरा वर्षं ते करत राहायचं, याला पांडित्याहून वेगळं काही लागतं. बिशपांनी सांगितलं म्हणून ती कधी वाकली नाही. खिळे जुळवणाऱ्या मुलींसाठी वाकली.

भाषांतर निर्दोष नाही. वाक्यं जागोजागी खडबडीत आहेत, मूळ शब्दाला इमान राखण्याच्या नादात मराठी वळण हरवतं. चर्चनं ते फारसं स्वीकारलं नाही, उपासनेत बायबल सोसायटीचाच पाठ चालू राहिला. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली केडगावला छापून झाला.

रमाबाईंना देव्हाऱ्यात बसवण्याची घाई मात्र नको. मुक्ती सदनात त्यांचा शब्द अखेरचा असे. मनोरमेचं शिक्षण, काम, राहणं सगळं आईच्या योजनेत बसवलेलं होतं, आणि ती मुलगी चाळिशीतच थकून गेली. आजीबाईंनी जी आज्ञाधारकता आपल्याकडून मागितली म्हणून आपण चिडलो, ती आपणही कोणाकडून मागतो आहोत, असा विचार रमाबाईंच्या मनात कधी आला असेल का? मुक्तीत राहणाऱ्या हजारो मुलींपैकी फार थोड्यांचे शब्द आपल्यापर्यंत पोचले आहेत.

नम्र होण्याची पाळी राज्यकर्त्यांवर आली तेव्हा काय झालं, तेही पुण्यातच पाहायला मिळतं. जॅक विन्स्लो या इंग्रज पाळकानं १९२०च्या दशकात ख्रिस्त सेवा संघ काढला आणि शिवाजीनगरला आश्रम बांधला. इंग्रज आणि हिंदी माणसांनी एका पंगतीत जमिनीवर बसून शाकाहारी जेवायचं, खादी घालायची. व्हेरियर एल्विन हे आणखी एक इंग्रज पाळक १९२७ मध्ये याच संघात आले. सरकार एल्विनकडे संशयानं पाहू लागलं आणि चर्चही. पुढे आश्रम ओस पडला. १९७२ साली तो ख्रिस्त प्रेम सेवाश्रम म्हणून पुन्हा उघडला, कॅथलिक आणि अँग्लिकन सिस्टर्सनी एकत्र राहायचं म्हणून. कॅथलिकांकडून सिस्टर वंदना आणि अद्वैताच्या गाढ्या अभ्यासक सारा ग्रँट आल्या. आणि अँग्लिकन सिस्टर्स कोणत्या संघाच्या? वाँटेजच्या. प्रार्थनेत बायबलबरोबर उपनिषदं म्हटली जात. जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वी ज्यांना क्रूसावर संस्कृत नको होतं त्यांच्याच वारसदार या. रमाबाईंनी हे पाहिलं असतं तर त्या हसल्या असत्या, की तोवर स्वतः संस्कृतापासून दूर गेल्यामुळे त्यांनाच ते खटकलं असतं, सांगणं कठीण आहे.

आणि जात? महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाच्या नम्रतेची खरी कसोटी तिथे लागते. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त ते लपवलेलं नाही. त्यांच्या यजमानांनी, नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. काही वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या त्या आपलं सोवळं, आपलं वेगळं पाणी सांभाळत. टिळक तसे शीघ्रकोपी, पण या बाबतीत त्यांनी जबरदस्ती केली नाही. मग राहुरीला एकदा लक्ष्मीबाईंनी स्वतःच विचार करून ठरवलं की जाती देवानं केलेल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या हातचं खायला सुरुवात केली. हे सांगताना त्या स्वतःवरच हसतात. आपल्या मोठेपणाची अशी टर उडवणं आपल्या चरित्रलेखकांना क्वचितच जमलं आहे.

पण एका बाईनं एका रात्रीत केलं ते चर्चला जमलेलं नाही. नगर-पुण्याकडची बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबं दलित समाजांतून आलेली. त्यांना नम्रतेचं प्रवचन ऐकवण्याची गरज कधीच नव्हती, गावानं ती शतकानुशतकं सक्तीनं शिकवली होती. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांनी दलित सबलीकरणाचं धोरण जाहीर केलं आणि चर्चच्या आतही जातिभेद चालतो हे लेखी मान्य केलं. त्याच वर्षी जानेवारीत पोप फ्रान्सिस यांच्या सूचनेवरून पवित्र गुरुवारच्या विधीचा नियम बदलला. या दिवशी फादर गुडघे टेकून माणसांचे पाय धुतात. नियमाप्रमाणे ते पाय तोवर फक्त पुरुषांचे असत, आता स्त्रियांचेही चालतात. रोमनं एवढंच ठरवून दिलं. कोणाचे पाय धुवायचे ती निवड प्रत्येक पॅरिशमध्ये होते. त्या यादीत वर्गणीदार आणि मंडळाचे सदस्य किती आणि सकाळी येऊन चर्च झाडून जाणारी बाई आहे की नाही, हे ज्याला त्याला आपल्या पॅरिशमध्ये जाऊन बघता येतं.